भूछत्रांच्या नोंदी कुठे ठेवाव्यात? मशरूम ऑब्झर्व्हर आणि आयनॅचरलिस्ट, वापरून पाहिल्यावर

आधीच सांगून टाकते: रानातलं भूछत्र खाण्याजोगं आहे का, हे विचारायची ही दोन संकेतस्थळं नाहीत. तेवढ्यासाठीच आला असाल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. फोटो बघून कोणी 'खा' म्हणालं आणि तुम्ही खाल्लंत, तर निस्तरायचं तुम्हालाच आहे. समोर दिसलेलं भूछत्र नेमकं काय आहे हे ज्यांना कळून घ्यायचंय, आणि आपली नोंद पुढे कोणाच्या तरी कामी यावी असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून झाली. स्लाइड करायची, रंगवायची, ऑइल इमर्शनखाली, म्हणजे तेलाच्या थेंबातून बघायच्या लेन्सखाली, बघायची, आकडे लिहायचे. निदान डॉक्टरांचं. निवृत्त झाल्यावर स्वतःचा मायक्रोस्कोप घेतला आणि या नादाला लागले. वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, कवकशास्त्राची, म्हणजे बुरशी-भूछत्रांच्या शास्त्राची, तर नाहीच नाही. म्हणजे मी शुद्ध हौशी. पण बीजाणू, म्हणजे भूछत्रांचे बियांसारखे कण, मोजायला सांगा, कोणाही प्राध्यापकाइतके नीट मोजून देईन. ज्याला जे येतं तेवढं त्याने आणावं, बाकीचं दुसरा कोणी भरेल, अशी सोय या दोन्ही ठिकाणी आहे. म्हणून मी तिथे टिकले.

यांच्याकडे येण्याआधी मी एक तिसरंच ॲप घेतलं होतं. नाव घेत नाही. फोटो काढला की डोळ्याचं पातं लवायच्या आत नाव हजर. त्याच भूछत्राचा वरून फोटो दिला तर एक नाव, उलटं करून छत्रीखालचे कल्ले दाखवले तर दुसरंच नाव, आणि दोन्ही वेळा खात्रीची टक्केवारी छाती पुढे काढून. कशावरून, असं विचारायला जागाच नाही. लॅबमध्ये असा रिपोर्ट टेबलावर आला असता तर आमच्या मॅडमनी तो फाडून परत पाठवला असता. वर वर्गणी मागत होतं. काढून टाकलं.

मशरूम ऑब्झर्व्हर हे २००६ साली नेथन विल्सन यांनी सुरू केलेलं, फक्त कवकांसाठी असलेलं ठिकाण. विनामूल्य आहे, जाहिराती डोक्यात जात नाहीत. पडदा बघितलात तर जुन्या काळातला वाटेल. चकचकीतपणाची सवय झालेल्यांचा पहिल्या दिवशी हिरमोड होतो. पण आतली मांडणी विचार करून केलेली आहे. तुम्ही फोटो, तारीख, ठिकाण आणि टिपण चढवता. मग तुम्ही किंवा आणखी कोणीही त्याला नाव सुचवू शकतं. नाव सुचवताना कारण विचारलं जातं: नुसतं बघून ओळखलं, पुस्तकांवरून ताडलं, मायक्रोस्कोपखाली पाहिलं, की रसायन लावून पाहिलं? ज्या त्या चौकटीत खूण करायची आणि बाजूला लिहायचं.

ही चौकटींची ओळ मला सगळ्यात आवडते. कारण 'बघून ओळखलं' असं एखाद्या मुरलेल्या माणसाने लिहिलं तरी चार माणसांना दिसतं की याने बघूनच ओळखलंय. आणि माझ्यासारखीने बीजाणूंची मापं टाकली तर तीही तितकीच ठळक दिसतात.

त्यानंतर मतदान. प्रत्येक सुचवलेल्या नावावर कोणीही मत देऊ शकतं, पण नुसतं हो-नाही नाही. 'मी तरी हेच म्हणेन' पासून 'शक्यता चांगली', 'असू शकेल', 'शंका आहे', 'वाटत नाही' असं उतरत उतरत शेवटी 'काहीतरीच काय!' पर्यंत पायऱ्या आहेत. (शेवटचं मत पहिल्यांदा वाट्याला आलं की थोडं झोंबतं. मग सवय होते. मग आपणही देतो.) सगळ्या मतांचा हिशेब होऊन एक नाव वर येतं, पण हरलेली नावं पुसली जात नाहीत. काही वर्षांनी कोणी आलं तरी त्याला दिसतं की इथे अमुक नावावर वाद झाला होता आणि तो अमुक पुराव्यावर मिटला, किंवा मिटलाच नाही.

एक उदाहरण देते, म्हणजे कल्पना येईल. कुजक्या ओंडक्यावर झुपक्याने आलेली छोटी तपकिरी भूछत्रं. छत्री मधासारखी तपकिरी, ओली असताना गडद, वाळताना मधून फिकी होत जाणारी. दांड्यावर बारीकसं कडं. अशा भूछत्रांना हौशी मंडळी वैतागून 'लहान तपकिरी' या एकाच पोत्यात टाकतात, आणि ते पोतं बांधून कोपऱ्यात ठेवतात. मी मात्र त्यांना गॅलेरिना मार्जिनाटा हे नाव सुचवलं, 'असू शकेल' या मताने. गॅलेरिना म्हणजे गंमत नाही. कुप्रसिद्ध डेथ कॅपमध्ये, म्हणजे अमानिता फॅलॉइडिसमध्ये, यकृताचा घात करणारी जी ॲमाटॉक्सिनं असतात तीच हिच्यात असतात. आणि हिच्यासारखंच दिसणारं, तशाच ओंडक्यावर झुपक्याने येणारं क्युनेरोमायसीस म्युटाबिलिस हे भूछत्र युरोपात लोक आवडीने खातात. फोटोत दोघांना वेगळं काढणं म्हणजे जुळ्या भावांना पाठमोरं ओळखणं.

नोंद टाकल्यावर पहिला प्रतिसाद आला तो एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांचा. त्यांनी एवढंच विचारलं: कड्याच्या खालचा दांडा जवळून दाखवता का? खवले आहेत की नुसते रेशमी धागे? क्युनेरोमायसीसच्या दांड्याला कड्याखाली उभे राहिलेले खवले असतात, गॅलेरिनाला बहुतेक रुपेरी धागे. माझ्याकडे भूछत्रं कागदी पिशवीत होतीच. फोटो काढला, धागेच होते. पण पावसात धुऊन निघालेल्या दांड्यावर किती विसंबायचं?

मग विद्यापीठातल्या एका बाई आल्या. त्यांचं म्हणणं, बीजाणूंचा ठसा घेतलात का? घेतला होता: छत्री रात्रभर काचेच्या स्लाइडवर पालथी ठेवून, वर वाटी झाकून. गंजासारखा तपकिरी. त्याने सायलोसायबी गटातली भूछत्रं बाद झाली, कारण त्यांचा ठसा जांभळट तपकिरी येतो. पण आपले दोन्ही जुळे तपकिरीच ठसा देतात, तेव्हा वाद जिथल्या तिथे. त्या म्हणाल्या, आता शंभरच्या लेन्सखाली तीन गोष्टी बघा: बीजाणूचं कवच गुळगुळीत की खडबडीत, टोकाला अंकुरछिद्र आहे का, आणि कल्ल्याच्या सपाट बाजूवर मोठ्या फुगीर पेशी आहेत का.

हे माझ्या हातचं काम. ठशावरची चिमूटभर भुकटी पाण्यात, वर कव्हरस्लिप, तेलाचा थेंब. बीजाणू बदामाच्या आकाराचे, लांबी बहुतेक ८ ते १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), रुंदी ५ ते ६. कवच बारीक खरखरीत, आणि देठाकडच्या बाजूला तेवढाच एक गुळगुळीत चट्टा, जणू तिथली खरखर कोणी बोटाने पुसली. टोकाला छिद्र नाही. क्युनेरोमायसीसचा बीजाणू लहान, गुळगुळीत आणि टोकाला छिद्रामुळे छाटल्यासारखा असतो. मग कल्ल्याचा पातळ छेद घेतला, ब्लेडने, काँगो रेड या रंगात रंगवला. सपाट बाजूवर खालून फुगलेल्या, मानेशी निमुळत्या झालेल्या पेशी दिसल्या. मोजपट्टीसह फोटो चढवले. बाईंनी 'मी तरी हेच म्हणेन' असं मत दिलं आणि खाली लिहिलं, नाव मार्जिनाटा, पण जुन्या पुस्तकात ऑटम्नालिस म्हणून सापडेल. तेही पुढे वाचून काढलं: २००१ साली गुल्डेन आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासून गॅलेरिनाच्या ऑटम्नालिस, युनिकलर, व्हेनेनाटा अशा वेगवेगळ्या समजल्या जाणाऱ्या जाती मार्जिनाटात विलीन केल्या. मशरूम ऑब्झर्व्हरवर जुनं नाव शोधलं तरी ते नव्याला जोडलेलं असतं, त्यामुळे जुनी पुस्तकं वापरणाऱ्यांची पंचाईत होत नाही.

या एका नोंदीत सुताराची नजर, प्राध्यापकांचं ज्ञान आणि माझा हात असे तिघांचे वाटे आहेत, आणि तिन्ही वेगवेगळे दिसतात. मी पैसे देऊन घेतलेल्या कुठल्याही कोर्समध्ये एवढं शिकले नसते.

आता दोष. मतांचा हिशेब करताना प्रत्येकाचं मत सारखं धरत नाहीत. ज्याचं त्या ठिकाणी योगदान जास्त, त्याच्या मताला वजन जास्त. ऐकायला रास्त वाटतं. पण योगदान म्हणजे चढवलेले फोटो, नोंदी, दिलेली मतं अशा कामाचे गुण. कामसू माणूस आणि जाणकार माणूस हे नेहमी एकच नसतात. सतत फोटो चढवणाऱ्याचं वजन वाढत जातं, आणि आयुष्यभर एकाच जीनसवर, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटावर, काम केलेला, पण काल खातं उघडलेला संशोधक हलका ठरतो. प्रत्यक्षात लोक समजूतदार असल्यामुळे निभावतं. डेन्मार्कच्या कवक-ॲटलासने यावर चांगला विचार केलाय. कोपनहेगन विद्यापीठ आणि तिथल्या कवकप्रेमींच्या संस्थेने २००९ ते २०१३ या काळात देशभर हौशी लोकांना कामाला लावून तो ॲटलास उभा केला, आणि तिथे नोंद करणाऱ्याचा अनुभव नेमका कोणत्या गटातला आहे हे धरलं जातं. म्हणजे रुसुला या जीनसमध्ये मुरलेल्या माणसाला कॉर्टिनेरियस या दुसऱ्या जीनसमध्ये आपोआप मान मिळत नाही. हे इथेही यायला हवं.

आणि हो, वाट बघायची तयारी ठेवा. सोप्या, देखण्या, लाल छत्रीवर पांढरे ठिपके असलेल्या भूछत्राला उत्तर लगेच येतं. तपकिरी, मातकट, लाकडाला चिकटलेल्या पापुद्र्यासारख्या कवकाला कधी कधी येतच नाही. जगात ती ओळखणारी माणसंच मूठभर, त्यात त्यांना त्यांची कामं.

आयनॅचरलिस्टची गोष्ट वेगळी. २००८ साली बर्कलीच्या विद्यार्थ्यांचा पदव्युत्तर प्रकल्प म्हणून हे सुरू झालं, पुढे कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस आणि नॅशनल जिओग्राफिकच्या छत्राखाली होतं, २०२३ पासून स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. इथे पक्षी, किडे, झाडं, सगळंच. फोनवरून वापरायला फार सोपं. फोटोतून तारीख आणि ठिकाण आपोआप उचलतं. बघायला येणारी माणसं कितीतरी जास्त. त्यामुळे नवीन माणसाला उत्साह टिकवायला हेच बरं.

इथे संगणक नाव सुचवतो. ही सोय २०१७ पासून आहे आणि पक्ष्या-फुलपाखरांच्या बाबतीत थक्क करणारी आहे. भूछत्रांच्या बाबतीत तिला मर्यादा आहेत आणि त्या समजून घेतल्या पाहिजेत. ज्या जातींचे पुरेसे फोटो जमलेत तेवढ्याच त्या यंत्राला ठाऊक. दुर्मिळ जात त्याच्या यादीतच नसते, मग ते तिच्यासारख्या दिसणाऱ्या नेहमीच्या जातीचं नाव पुढे करतं. आणि फोटोत बीजाणू नसतात, वास नसतो, कल्ल्यांची पेशी नसते. आता यातली मेख अशी: नोंद 'रिसर्च ग्रेड', म्हणजे संशोधनाला वापरण्याजोगी, व्हायला नाव देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचं जातीवर एकमत लागतं, म्हणजे कमीत कमी दोन माणसं पुरतात. नोंद करणाऱ्याने यंत्राचं नाव उचललं, मित्राने 'सहमत' दाबलं, की झाली रिसर्च ग्रेड. आणि ती नोंद, परवाना योग्य असेल तर, जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता साठ्यात जाते, तिथून कोणाच्या तरी नकाशात.

म्हणून माझी एक कळकळीची विनंती: ज्याला ओळखता येत नाही त्याने 'सहमत' दाबू नये. तिथे आभार मानायला दुसरी जागा आहे.

पण आयनॅचरलिस्टने एक फार शहाणी सोय ठेवली आहे, आणि ती बहुतेकांना माहीत नसते. नोंदीच्या तळाशी 'ही ओळख आणखी सुधारता येईल का' असा प्रश्न असतो. कॉर्टिनेरियससारख्या जीनसमध्ये डीएनए तपासल्याशिवाय जातीपर्यंत जाणं बऱ्याचदा अशक्य. तिथे जाणकार माणूस 'नाही, याहून पुढे जाता येणार नाही' अशी खूण करतो आणि नोंद जीनसवरच थांबून रिसर्च ग्रेड होते. कॉर्टिनेरियस, बस्स. मला असं थांबणारी माणसं फार आवडतात.

दोन बारीक गोष्टी खातं उघडतानाच बघून घ्या. नोंदीचा परवाना 'सर्व हक्क राखीव' ठेवलात तर ती जीबीआयएफपर्यंत पोचत नाही; मूळचा परवाना गैरव्यावसायिक वापराला मुभा देणारा असतो, तो तसाच राहू द्या. आणि ठिकाण लपवायची सोय आहे. लपवलेलं ठिकाण ०.२ अंश बाय ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेही पडतं, नेमकी जागा दिसत नाही. लोक पोती भरून तोडून नेतात अशा जातींसाठी, किंवा कोणाच्या खासगी जमिनीवर सापडलं असेल तर, ती जरूर वापरा.

कोणी म्हणेल, हौशी माणसांच्या या नोंदींचा खरोखर उपयोग होतो का, की सगळा वेळ घालवायचा धंदा? यावर माझं आवडतं उत्तर इंग्लंडमधलं आहे, आणि ते या सगळ्या ॲपांच्या कितीतरी आधीचं. एडवर्ड गँज नावाच्या गवंडीकाम करणाऱ्या गृहस्थांना भूछत्रांचा नाद होता. १९५० पासून सॉल्झबरीच्या आसपास त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कुठलं भूछत्र कधी, कुठे उगवलं हे लिहून ठेवलं. निवृत्तीनंतर त्यांनी ते सगळं संगणकात भरलं. मुलगा ॲलन गँज जीवशास्त्रज्ञ. बापलेकांनी आणखी दोघा संशोधकांसोबत २००७ मध्ये सायन्स या नियतकालिकात निबंध दिला: ३१५ जाती, सुमारे ५२ हजार नोंदी. शरद ऋतूतल्या भूछत्रांचा उगवण्याचा हंगाम पन्नासच्या दशकात सरासरी ३३ दिवसांचा होता, तो ७५ दिवसांच्या आसपास पोचला होता, आणि काही जाती वर्षातून दोनदा उगवायला लागल्या होत्या. हवामान बदलतंय हे एका गवंड्याच्या वह्यांनी दाखवलं. त्या वह्यांत फोटो नव्हते. पण तारीख आणि ठिकाण प्रत्येक वेळी होतं, आणि नाव देणारा माणूस आपलं काम ओळखून होता.

दुसरं उदाहरण रॉड टलॉस यांचं. अमानिता या जीनसवर ज्यांचा शब्द जगभर मानतात, ते पेशाने इंजिनियर. तेव्हा तज्ज्ञ आणि हौशी या दोन टोप्या कवकशास्त्रात फार घट्ट बसवून घेऊ नयेत. पगार मिळतो तो तज्ज्ञ आणि स्वतःच्या खिशातून तेल विकत घेतो तो हौशी, एवढाच फरक मला पुष्कळदा दिसलाय.

आणि काम तर डोंगराएवढं आहे. कवकांच्या आतापर्यंत दीड लाखाच्या आसपास जातींना नावं मिळाली आहेत. हॉक्सवर्थ आणि ल्यूकिंग या कवकशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडलेला एकूण जातींचा अंदाज २२ ते ३८ लाखांचा आहे. पगारी लोक कुठेकुठे पुरणार? धोक्यातल्या जातींची, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेची लाल यादी घ्या. २०२५ मध्ये तिच्यात कवकांच्या जातींनी हजाराचा टप्पा ओलांडला, १३०० जाती झाल्या आणि त्यातल्या किमान ४११ धोक्यात असल्याचं जाहीर झालं. प्राण्या-वनस्पतींच्या मानाने हा आकडा काहीच नाही. एखादी जात दुर्मिळ आहे की फक्त कोणी बघितलेली नाही, हे ठरवायलासुद्धा नोंदी लागतात.

डीएनएचं थोडक्यात सांगते, कारण आता दोन्ही ठिकाणी त्याशिवाय चर्चा पुढे जात नाही. आयटीएस नावाचा डीएनएचा एक तुकडा कवकांचा अधिकृत बारकोड म्हणून २०१२ मध्ये मांडला गेला. तेव्हापासून कळत गेलं की युरोपातली नावं जगभर चिकटवली गेली होती, पण मालक वेगळे होते. उत्तर अमेरिकेत ज्या पिवळ्या चांटरेल भूछत्राला सरसकट कँथरेलस सिबेरियस म्हणत, त्यातून एकेक जात सुटी होत गेली. कॅलिफोर्नियात ओकखाली येणारी थोराड जात २००८ मध्ये कॅलिफोर्निकस म्हणून वेगळी झाली. आता हौशी गटही वाळवलेले नमुने एकत्र करून सीक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून घेण्याचं काम, करून घेतात. त्यातून नावच नसलेल्या जाती ढिगाने निघतात. मशरूम ऑब्झर्व्हरवर अशांना तात्पुरतं सांकेतिक नाव देऊन सगळ्या नोंदी त्याखाली गोळा करता येतात. आयनॅचरलिस्टच्या नावांच्या यादीत प्रसिद्ध न झालेलं नाव बसत नाही, मग लोक ते वेगळ्या रकान्यात लिहून काम भागवतात. माझ्या दृष्टीने मशरूम ऑब्झर्व्हर इथे सरळ पुढे आहे. सीक्वेन्स नोंदीलाच जोडता येतो, वाळवलेला नमुना आहे का, कुठल्या संग्रहात आहे, क्रमांक काय, यालाही जागा आहे.

फक्त डीएनए म्हणजे ब्रह्मवाक्य असं धरू नका. सीक्वेन्स ज्या साठ्याशी ताडून बघतात त्या जेनबँकेतही चुकीच्या नावाने ठेवलेले सीक्वेन्स आहेत. तिथेही कोणीतरी कधीतरी 'बघून ओळखलं' होतं.

कुठेही नोंद टाका, पण एवढं सोबत न्या. वरून, खालून, बाजूने आणि उभा छेद घेतलेला असे फोटो. भूछत्र उपटताना चाकूने खालून उकरून काढा. अमानिताच्या दांड्याच्या बुडाची पिशवी मातीत राहिली तर सगळा पुरावाच मातीत राहिला. बाजूला मोजपट्टी. कोणत्या झाडाखाली, माती की लाकूड की शेण. वास लिहा, मग तो कितीही विचित्र वाटो: पीठ, बडीशेप, मुळा, ओली बेडशीट. (शेवटचा माझा आहे आणि एका तज्ज्ञांनी तो मान्य केला.) कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये घाम सुटून संध्याकाळपर्यंत लगदा होतो. फोटो झाले की साधारण ४० अंशांवर, वारा खेळता ठेवून, कडक कुरकुरीत होईपर्यंत वाळवा आणि नोंदीचा क्रमांक लिहून डबीत बंद करा. तज्ज्ञांच्या तोंडून मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न 'हे काय आहे' असा नव्हता. 'नमुना ठेवलाय का?' असा होता. ठेवलाय म्हटलं की त्यांचा सूरच बदलतो.

तर कोणी काय घ्यावं? फिरायला जाताना जे दिसेल ते टिपायचं असेल, मुलाबाळांना सोबत घ्यायचं असेल, तर आयनॅचरलिस्ट. यंत्राने जात सुचवली तरी खात्री नसेल तर नुसतं जीनस लिहा, काही बिघडत नाही. भूछत्रांतच मुरायचं असेल, घरात मायक्रोस्कोप असेल किंवा आणायचा विचार असेल, तर मशरूम ऑब्झर्व्हर. मी दोन्हीकडे असते: चटकन टिपायच्या नोंदी तिकडे, डोकं खाजवायला लावणाऱ्या इकडे, मशरूम ऑब्झर्व्हरवर. एकच नमुना दोन्हीकडे टाकलात तर एकमेकांचा दुवा मात्र द्या, नाहीतर पुढच्या माणसाला एकाची दोन भूछत्रं वाटतील.

गुण द्यायचेच तर मशरूम ऑब्झर्व्हरला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मतांच्या वजनासाठी. आयनॅचरलिस्टला भूछत्रांपुरते साडेतीन, पक्ष्यांसाठी विचाराल तर पाच. आणि त्या बिननावाच्या ॲपने अजून वर्गणीचे मेल पाठवणं थांबवलेलं नाही.